नाशिक जिल्ह्यात जैवविविधतेच्या पैशाचा हिशेब कसा मांडावा

नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यावर वर्षाला किती सरकारी पैसा खर्च होतो? प्रश्न सरळ आहे, पण त्याचं उत्तर एका कागदावर कुठंच लिहिलेलं नाही. थोडा पैसा वन्यजीव विभागाकडून येतो, थोडा केंद्राच्या पाणथळ योजनेतून, थोडा कॅम्पातून (वनजमीन वळवल्याच्या भरपाईचा निधी), थोडा जिल्हा नियोजनातून. तिथल्या बंधाऱ्याचा खर्च पाटबंधारे खात्याच्या हिशेबात असतो. वरच्या अंगाला नाशिक शहराचं सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च महापालिकेच्या वहीत जातो, आणि त्याचा परिणाम मात्र निफाड तालुक्यातल्या या पाणथळीवर होतो. हे सगळे कागद गोळा करून एका तक्त्यात बसवणं, त्यातून टिकेल असं विधान काढणं आणि ते निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर वेळेत पोचवणं, हे जैवविविधता वित्तातल्या धोरण विश्लेषकाचं काम. नव्यानं हे काम हाती घेणाऱ्यांसाठी पुढची पद्धत लिहिली आहे.

पद्धतीचा सांगाडा संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं २०१२ मध्ये सुरू केलेल्या ‘बायोफिन’ उपक्रमाचा आहे. आधी धोरणं आणि संस्थांचा आढावा, मग आजवरच्या खर्चाचा आढावा, मग गरजेचा अंदाज, आणि शेवटी दोन्हींतली तूट भरून काढण्याचा आराखडा. हा क्रम पाळा. बहुतेक नवखे थेट तुटीच्या आकड्यावर उडी मारतात. कुनमिंग-माँट्रियल या जागतिक जैवविविधता आराखड्यातला जगाचा वर्षाला ७०० अब्ज डॉलर तुटीचा आकडा ते प्रस्तावनेत टाकतात. जिल्हा नियोजन अधिकाऱ्याला त्या आकड्याचं काही करता येत नाही. त्याला हवं असतं लेखाशीर्ष (अर्थसंकल्पात खर्च ज्या क्रमांकाखाली नोंदतात तो), रक्कम आणि महिना.

हद्द ठरवणं

पाच वर्षं घ्या. त्याहून कमी घेतली तर एखाद्या मोठ्या कामाचं वर्ष सरासरी बिघडवतं. २०२०-२१ हे करोनाचं वर्ष मध्ये येत असेल तर ते तक्त्यात ठेवा, पण कल काढताना वेगळं दाखवा.

भूगोल त्याहून अवघड. वन विभागांच्या हद्दी महसुली हद्दींशी जुळत नाहीत. नाशिक पूर्व आणि नाशिक पश्चिम हे प्रादेशिक विभाग, शिवाय नाशिक वन्यजीव विभाग वेगळा. वन्यजीव विभागाच्या हिशेबात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य येतं, आणि ते अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात आहे. विभागाची एकूण रक्कम उचलून ‘नाशिक जिल्हा’ या रकान्यात टाकलीत तर भंडारदऱ्याचा खर्च नाशिकच्या नावावर चढेल. म्हणून परिक्षेत्रनिहाय (परिक्षेत्र म्हणजे वन विभागाखालचा घटक) खर्च मागा. परिक्षेत्र हा जिल्ह्यात बसणारा सर्वांत मोठा विश्वासार्ह तुकडा आहे.

यंत्रणांची यादी वन खात्यापाशी थांबवू नका. मत्स्यव्यवसाय, मृद व जलसंधारण, कृषी, जलसंपदा, जिल्हा परिषद, महापालिका, आदिवासी विकास या सगळ्यांचा किमान एकेक कागद चाळा.

लेखाशीर्षं वाचणं

राज्याच्या अर्थसंकल्पात वनीकरण आणि वन्यजीवनाचं महसुली प्रधान शीर्ष २४०६, भांडवली ४४०६. त्यात उपप्रधान शीर्ष ०२ खाली पर्यावरण वनीकरण व वन्यजीवन, आणि गौण शीर्ष ११० म्हणजे वन्यजीव संरक्षण. सुरुवात २४०६-०२-११० पासून करा, कारण इथं वाद कमी. मग ३४३५ (परिस्थितिकी व पर्यावरण), २४०२ (मृद व जलसंधारण), २४०५ (मत्स्यव्यवसाय) आणि २४०१ (पीक संवर्धन) यांच्याकडे वळा. ‘बीम्स’ या वितरण प्रणालीवर आणि राज्य कोषागारांच्या महाकोष संकेतस्थळावर योजनानिहाय तरतूद आणि वितरण दिसतं. पण वितरण म्हणजे खर्च नव्हे, हे तक्त्याच्या शीर्षकातच लिहून ठेवा.

प्रत्येक ओळीला चार आकडे असतात: प्रत्यक्ष रक्कम, अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. २०२५-२६ च्या पुस्तकात प्रत्यक्ष रक्कम २०२३-२४ ची असते. म्हणजे खरा खर्च कळायला दोन वर्षं लागतात. आढाव्यात फक्त प्रत्यक्ष रकमा घ्या. बातम्यांत येणारा आकडा जवळजवळ नेहमी अर्थसंकल्पीय अंदाजाचा असतो. वर्षभरात पूरक मागण्या, पुनर्विनियोजन (एका शीर्षातला पैसा दुसऱ्यात वळवणं) आणि अखेरीस समर्पण (न वापरलेला पैसा परत करणं) होऊन तो कुठल्या कुठे गेलेला असतो. तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांचं गुणोत्तर मात्र वेगळ्या रकान्यात ठेवा. पुष्कळदा आढाव्यातली सर्वांत बोलकी गोष्ट तीच निघते.

महामंडळांच्या बाबतीत पुस्तक अपुरं पडतं. पाटबंधारे महामंडळाला दिलेलं भागभांडवल अर्थसंकल्पात ठोक रकमेत येतं. कोणत्या बंधाऱ्याच्या दुरुस्तीला किती गेलं हे महामंडळाच्या कागदांतच मिळतं.

आकडे न मिळाल्यास माहितीचा अधिकार आहे, पण अर्ज नीट लिहा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये. ‘खर्च का झाला नाही’ असं विचारलंत तर ‘ही माहिती नव्हे’ असं उत्तर येईल. कागदाचं नाव घेऊन मागा: अमुक परिक्षेत्राचं, अमुक वर्षाचं, कामनिहाय व लेखाशीर्षनिहाय खर्चाचं विवरणपत्र, उपयोगिता प्रमाणपत्राची प्रत, मोजमाप पुस्तकाची संबंधित पानं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. त्याआधी एकदा लेखा शाखेत जाऊन कागदाचं नेमकं नाव विचारून या. अर्धे अर्ज चुकीच्या नावामुळे फुकट जातात.

किती टक्के जैवविविधतेचा?

इथंच सगळं मतभेदाचं काम आहे, म्हणून इथं वेळ घालवा. पक्ष्यांच्या गणनेवरचा खर्च शंभर टक्के जैवविविधतेचा. तपोवन किंवा आगरटाकळीच्या मलनिस्सारण केंद्रावरचा खर्च किती टक्के? त्याचा मूळ हेतू सार्वजनिक आरोग्य आहे. पण गोदावरी पुढे जाऊन नांदूरमध्यमेश्वरलाच मिळते.

स्वतःची मोजपट्टी आधी लेखी करा: १००, ७५, ५०, २५, ५ आणि शून्य. प्रत्येक योजनेला तीन प्रश्न विचारा. शासन निर्णयात जैवविविधता किंवा अधिवास हा हेतू म्हणून लिहिला आहे का? जैवविविधतेचा विचार नसता तरी हा खर्च एवढाच झाला असता का? आणि काम जिथं झालं ती जागा अधिवासाच्या दृष्टीनं महत्त्वाची आहे का? मलनिस्सारण केंद्र पहिल्या दोन प्रश्नांवर नापास होतं, तिसऱ्यावर पास. त्याला ५ द्या आणि कारण एका वाक्यात शेजारी लिहा. रक्कम इतकी मोठी असते की ५ च्या जागी २५ लावलेत तर जिल्ह्याचा सगळा वन्यजीव खर्च त्याच्यापुढे किरकोळ दिसेल, आणि वाचणाऱ्याला वाटेल की नाशिकमध्ये पक्ष्यांवर भरपूर पैसा जातो. म्हणून एकूण आकडा कधीच एकटा देऊ नका. थेट खर्च आणि अप्रत्यक्ष खर्च वेगळे दाखवा, आणि टक्केवारी एक पायरी खाली-वर केली तर बेरीज कुठून कुठे जाते तेही द्या.

टक्केवारी दोन माणसांनी एकमेकांना न दाखवता लावावी. जिथं फरक दोन पायऱ्यांहून जास्त आहे तिथं शासन निर्णय पुन्हा उघडा. बहुतेक वेळा दोघांनी योजनेच्या नावावरूनच अंदाज बांधलेला असतो.

एक गोष्ट ठासून सांगायची: झाडं लावण्याचा खर्च आपोआप जैवविविधतेचा होत नाही. येवला तालुक्यातलं ममदापूर हे काळविटांचं माळरान आहे. तिथं खड्डे खोदून दाट रोपवन उभं केलं तर काळवीट, माळढोकाच्या कुळातले आणि जमिनीवर घरटी करणारे इतर पक्षी यांचा अधिवास आक्रसतो. अंजनेरीचं पठार ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ या अत्यंत मर्यादित जागी उगवणाऱ्या कंदवर्गीय वनस्पतीचं घर आहे. तिथल्या उघड्या कातळावरच्या मातीच्या पातळ थरात समतल चर काढणं म्हणजे नुकसान. कागदावर दोन्हीकडे ‘वनीकरण’ एवढंच लिहिलेलं असेल. म्हणून वनीकरणाच्या ओळींना टक्केवारी लावण्याआधी जागेचे अक्षांश-रेखांश मिळवा आणि नकाशावर टाकून बघा. कॅम्पाच्या रोपवनांच्या सीमा ‘ई-ग्रीन वॉच’ या संकेतस्थळावर असतात, त्या उपग्रहचित्रावर ठेवल्या की आधी तिथं गवताळ माळ होता का, हे कळतं. क्यूजीआयएस ही नकाशांची संगणक प्रणाली शिकायला आठवडा द्या, तो वाया जात नाही.

नुकसानकारक खर्चासाठी वेगळं पान करा. जागतिक आराखड्यातलं अठरावं लक्ष्य नेमकं याच्याबद्दल आहे: जैवविविधतेला घातक अनुदानं ओळखून २०३० पर्यंत वर्षाला किमान ५०० अब्ज डॉलरनं कमी करणं. नाशिकपुरतं बोलायचं तर रासायनिक निविष्ठांवरची सवलत, माळरानं मोडणारी कामं, नदीकाठाचं काँक्रिटीकरण या पानावर येतील. येत्या सिंहस्थासाठीची कामंही सरसकट एका बाजूला टाकू नका. त्यांत सांडपाणी अडवणारी कामं आहेत आणि काठ बांधून काढणारीही. एकेक काम उघडून ते कुठल्या पानावर जातं ते ठरवा. हे पान सर्वांत जास्त विरोध ओढवून घेतं, म्हणून त्यातल्या प्रत्येक ओळीला शासन निर्णयाचा सांकेतांक आणि तारीख हवीच.

कॅम्पा: दुहेरी मोजणीचा सापळा

वनजमीन दुसऱ्या कामाला वळवली की प्रकल्पवाला भरपाई भरतो. त्यातला मोठा भाग ‘निव्वळ वर्तमान मूल्या’चा, म्हणजे गेलेल्या जंगलाच्या सेवांच्या पैशातल्या किमतीचा. जानेवारी २०२२ मध्ये सुधारलेले दर जंगलाच्या प्रकारानुसार आणि घनतेनुसार हेक्टरी सुमारे ९.५७ लाखांपासून १५.९५ लाखांपर्यंत आहेत. २०१६ च्या कायद्याप्रमाणे या निधीचा ९० टक्के वाटा राज्याकडे, १० टक्के केंद्राकडे. राज्याचा वाटा लोकलेख्यात (नेहमीच्या अर्थसंकल्पी निधीपासून वेगळ्या सरकारी खात्यात) राहतो आणि वार्षिक कार्य आराखडा मंजूर झाल्यावर खर्चाला मिळतो. निव्वळ वर्तमान मूल्याच्या रकमेतला किमान ८० टक्के भाग वन आणि वन्यजीव व्यवस्थापनावर खर्च करायचा असतो.

सापळा असा: निधीत वर्ग केलेली रक्कम आणि निधीतून झालेला खर्च अशा दोन्ही ओळी हिशेबात दिसतात. दोन्ही धरल्यात तर एकच रुपया दोनदा मोजला जातो. खर्चाची ओळ धरा, वर्ग झालेली सोडा, आणि ‘वजा वसुली’ लिहिलेल्या ओळी शोधून काढा. केंद्राच्या योजनांतही तेच होतं. वन्यजीव अधिवास विकास आणि पाणथळ संवर्धनाच्या केंद्रीय योजनांत महाराष्ट्रासाठी वाटा ६०:४० चा. केंद्राच्या कागदावरून ६० आणि राज्याच्या पुस्तकातून पूर्ण १०० घेतलेत की बेरीज १६० होते.

दुसरा मुद्दा धोरणाचा आहे. कॅम्पाचा पैसा जंगल गेल्यावर मिळालेला भरपाईचा पैसा आहे. तो ‘संवर्धनात वाढ’ म्हणून दाखवणं बरोबर नाही. त्याच्याशेजारी त्याच वर्षी जिल्ह्यात वळवलेल्या वनजमिनीचे हेक्टर छापा. ‘परिवेश’ संकेतस्थळावर प्रस्तावनिहाय माहिती मिळते. वित्त आयोगानं वनांसाठी दिलेल्या गुणांमुळे (पंधराव्या आयोगात १० टक्के) राज्याला जो कराचा वाटा येतो, तोही जैवविविधतेच्या खर्चात धरू नका. तो पैसा मोकळा असतो, कुठंही जाऊ शकतो.

जिल्हा नियोजन आणि ३१ मार्च

जिल्ह्याच्या पातळीवर बदल घडवायचा असेल तर जिल्हा वार्षिक योजना हे सर्वांत जवळचं दार. प्रारूप आराखडा साधारण हिवाळ्यात ठरतो, त्यानंतर राज्यस्तरावर बैठक होऊन मर्यादा नक्की होते. तुमची टिपणी फेब्रुवारीत पोचली तर ती पुढच्या वर्षासाठीच उपयोगी. दिवाळीच्या आसपास नियोजन कार्यालयात आणि उपवनसंरक्षकांकडे असेल असं बघा.

पैसा का पडून राहतो याचं उत्तर बहुधा दिनदर्शिकेत सापडतं. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश या साखळीला महिने लागतात. निधी ऑक्टोबरात हाती आला तर रोपवनाचे खड्डे उन्हाळ्यात, लागवड जूनमध्ये; मध्ये ३१ मार्च येतो. जिल्हा परिषदेला मिळालेला नियोजनाचा निधी पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत वापरता येतो, राज्य खात्यांच्या यंत्रणांना तशी मुभा नसते. मग मार्चमध्ये जे लवकर संपवता येईल ते होतं: फलक, कुंपण, निरीक्षण मनोरे, साहित्य खरेदी. अधिवासाचं काम मागे पडतं. महिनानिहाय खर्चाचा आलेख काढा आणि मार्चचा वाटा टक्क्यांत लिहा. ‘निधी अपुरा’ आणि ‘निधी अवेळी’ हे दोन वेगळे आजार आहेत, औषधही वेगळं. दुसऱ्या आजारासाठी जास्त पैसा मागणं हा विश्लेषकाच्या हातून होणारा सर्वांत महागडा घोटाळा.

गरजेचा अंदाज

गरज हेक्टरांत आणि फेऱ्यांत मोजा, इच्छांच्या यादीत नको. नांदूरमध्यमेश्वरच्या पाणवेलीचं, म्हणजे जलपर्णीचं, उदाहरण घ्या. अनुकूल स्थितीत तिचं क्षेत्र साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकतं, आणि तिचं बी गाळात कित्येक वर्षं जिवंत राहतं. म्हणून एकदा काढून भागत नाही.

समजा २० हेक्टरवर पाणवेल आहे आणि काढून काठापासून दूर टाकण्याचा खर्च हेक्टरी ६०,००० रुपये (आकडे उदाहरणापुरते, खरा दर चालू दरसूचीतून आणि वन विभागाच्या मजुरी दरांवरून काढा). पहिल्या वर्षी १२ लाख. पुढच्या चार वर्षांत दर वर्षी ५ हेक्टरवर तीन फेऱ्या, म्हणजे वर्षाला ९ लाख. पाच वर्षांचे ४८ लाख. दरवाढ सहा टक्के धरली तर सुमारे ५३.७ लाख. प्रस्तावात मात्र बहुतेकदा पहिले १२ लाखच लिहिलेले असतात. ते खर्च होतात, पुढचा पावसाळा जातो, पाणवेल परत येते, आणि अहवाल म्हणतो ‘उपाय निष्फळ’. उपाय बरोबर होता. आवर्ती कामाला एकरकमी पैसा दिला गेला. म्हणून गरजेच्या तक्त्यात ‘एकदाच’ आणि ‘दर वर्षी’ असे दोन रकाने सक्तीचे ठेवा, आणि आवर्ती रकमेसमोर ती कुठल्या महसुली लेखाशीर्षातून येणार ते लिहा. लेखाशीर्ष सापडलं नाही तर तीच तुमची शिफारस.

काठापासून दूर टाकण्याचा खर्चही विसरला जातो. काठावरच ढीग लावले तर कुजलेलं सगळं पहिल्या पावसात पुन्हा पाण्यात. आणि काम कोणत्या महिन्यात नको हेही दरपत्रकाशेजारी लिहा. हिवाळी पाहुण्या पक्ष्यांच्या काळात यंत्रं घातली तर खर्च संवर्धनाचा आणि परिणाम उलटा.

छोटे स्रोत

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) मोठा वाटतो, जैवविविधतेला मिळतो थोडा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीतल्या चौथ्या बाबीत पर्यावरण, वनस्पती आणि प्राणी संरक्षण येतं. राष्ट्रीय संकेतस्थळावर जिल्हानिहाय गाळणी आहे. पण पर्यावरणाच्या शीर्षकाखाली सौरदिवेही येतात, त्यामुळे प्रकल्पाचं वर्णन वाचल्याशिवाय मोजू नका. सातपूर, अंबड, सिन्नरच्या कंपनीकडे प्रस्ताव नेताना संस्थेची सीएसआर-१ नोंदणी आणि आयकर खात्याकडची १२ए आणि ८०जी नोंदणी तयार ठेवा. कामाचा काळ ‘चालू प्रकल्पा’च्या व्याख्येत बसवा: सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. पाणवेलीसारख्या आवर्ती कामाला हा पैसा शेवटपर्यंत पुरत नाही.

जैविक विविधता कायद्याखाली लाभवाटपाचा पैसा येतो, म्हणजे जैविक संसाधनं धंद्यासाठी वापरणाऱ्यानं भरायचा वाटा. भारतीय कंपन्यांनाही तो भरावा लागतो, हे उत्तराखंड उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये दिव्य फार्मसीच्या प्रकरणात स्पष्ट केलं. जुन्या अहवालांतले ०.१ ते ०.५ टक्के हे २०१४ चे दर. २०२५ च्या विनियमांत टप्पे बदलले, आणि ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना सूट आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान आणि लागवडीच्या औषधी वनस्पतींनाही सवलती मिळाल्या. तेव्हा सुरगाणा-पेठच्या हिरडा-बेहड्यावर मोठ्या लाभवाटपाचं गणित मांडण्याआधी माल रानातला की लागवडीचा, आणि विकत घेणारा कोण, हे तपासा.

हा पैसा गावापर्यंत पोचायचा तर जैवविविधता व्यवस्थापन समिती, तिचं बँक खातं आणि लोक जैवविविधता नोंदवही तिन्ही जिवंत हव्यात. राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत आणि त्यानंतर राज्यांना महिन्याला १० लाखांचा दंड ठरवल्यावर देशभर नोंदवह्या घाईनं झाल्या. तपासायची सोपी युक्ती: शेजारच्या तीन गावांच्या नोंदवह्या घ्या आणि वनस्पतींच्या यादीतल्या शुद्धलेखनाच्या चुका जुळवा. चुका सारख्या असतील तर यादी एकाच ठिकाणाहून उतरवली आहे. तिच्यावर खर्चाचा अंदाज उभारू नका.

टिपणी

दोन पानं. पहिल्या परिच्छेदात मागणी: कोणत्या लेखाशीर्षाखाली, किती, कुठल्या कामासाठी, कोणाच्या मान्यतेनं. मग एक तक्ता, मग न केल्यास काय होईल ते तीन-चार वाक्यांत. पद्धत, टक्केवारी आणि गाळलेल्या ओळी जोडपत्रात. मराठीतच लिहा आणि रकमा लाखांत द्या. अब्जांचे आकडे जिल्हा कार्यालयात कुणी वापरत नाही.

पाठवण्याआधी तक्ता दोन ठिकाणी दाखवा. एक, वन विभागाच्या लेखापालाला. चुकीचं उपशीर्ष तो मिनिटभरात पकडतो. दोन, चापडगाव, मांजरगावसारख्या काठच्या गावांत मासेमारांना आणि पक्षी दाखवणाऱ्या स्थानिक मार्गदर्शकांना. झालेलं काम झालंय का, पाणवेल कुठल्या कोपऱ्यातून आधी वाढते, मजुरी खरोखर किती मिळते, हे त्यांच्याकडूनच कळतं आणि तक्त्यातला हेक्टरी दर तिथं बहुधा एकदा तरी बदलतो. बदलला तर जुना दर पुसू नका, शेजारच्या रकान्यात तारखेसह ठेवा. पुढच्या वर्षी प्रत्यक्ष रकमा प्रसिद्ध झाल्यावर तक्ता अद्ययावत करणाऱ्याला कोणता आकडा कुठून आला हे शोधावं लागणार नाही.